पत्त्यांची पहिली जादू: खुणेचं पान, अगदी सुरुवातीपासून

मला ही जादू ज्याने शिकवली त्याने गुपित दोन वाक्यांत सांगितलं. तेवढ्या भांडवलावर मी ती त्याच संध्याकाळी करून दाखवली. पान बरोबर निघालं, पण टाळी पडली नाही. समोरून प्रश्न आला, "तू खालचं पान बघितलंस ना?" बघितलं होतंच. पुढचे काही महिने मी आणखी चांगल्या गुपितांच्या शोधात होतो आणि प्रत्येक जादूत त्याच जागी पकडला जात होतो. शेवटी नवं शिकणं थांबवून ही एकच जादू धरून बसलो, तेव्हा नेमकं काय निसटतंय ते दिसलं. तुमचे ते महिने वाचावेत म्हणून हे सगळं क्रमाने लिहितो आहे.

पाहणाऱ्याला जादू अशी दिसते: तो स्वतः पत्ते पिसतो. मनाला येईल ते पान ओढतो, बघतो आणि परत ठेवतो. स्वतःच्या हाताने पत्ते काटतो, म्हणजे वरचा काही भाग उचलून उरलेल्यांच्या खाली ठेवतो. मग तुम्ही एकेक पान उताणं मांडत जाता. त्याचं पान निघून जातं, तरी तुम्ही मांडतच राहता. त्याला वाटतं, चुकला. आणि तेवढ्यात तुम्ही मागे गेलेलं त्याचंच पान उलटं करता.

यात हातचलाखी जवळपास नाही. बोटं कितीही अवघडलेली असली तरी जमेल.

हाताशी काय काय हवं

- ५२ पानांचा एक कॅट. जोकर आणि सोबत येणारी जाहिरातीची पानं काढून ठेवा. नंतर एकदा मोजून घ्या, कारण जुन्या कॅटमध्ये एखादं पान हरवलेलं असतं आणि ते भलत्या वेळी लक्षात येतं.
- टेबलावर घालायला जाडसर कापड. गुळगुळीत टेबलावरून पान उचलताना नखं घासावी लागतात, कापडावर ते अलगद उचललं जातं.
- आरसा, किंवा फोनचा कॅमेरा समोरच्या माणसाच्या डोळ्यांच्या उंचीवर ठेवलेला.
- खरं सांगेल असा एक माणूस. हा शेवटी लागतो, पहिल्या दिवशी नाही.

पत्ते कोणते घ्यावेत यावर फार विचार करू नका. पोकर मापाचे (साधारण ६३ मिलिमीटर रुंद) किंवा ब्रिज मापाचे (साधारण ५७ मिलिमीटर), दोन्ही चालतात. तळवा लहान असेल तर ब्रिज मापाचे बरे पडतात. चिकट झालेले पत्ते मात्र नकोत. या जादूत दोन पानं एकमेकांना चिकटून एक म्हणून पडली, तर सगळा खेळ तिथेच संपतो.

१. पत्ते हातात रुळू द्या

पहिले दोन-तीन दिवस जादू करूच नका. नुसते पत्ते पिसा, काटा, पंख्यासारखे पसरा, गोळा करा, टेबलावर आपटून कडा सारख्या करा. गप्पा मारताना, काही ऐकताना हे करत राहा. पुढे जी चोरटी नजर टाकायची आहे ती या रोजच्या हालचालींमध्येच लपणार आहे. कडा सारख्या करण्याची हालचाल तुमच्या हातात अवघडलेली दिसली, तर बघणाऱ्याचं लक्ष आपसूक तिथेच जाईल.

२. काटल्याने काय होतं ते आधी समजून घ्या

ही जादू ज्या आधारावर उभी आहे तो एवढाच: पत्ते काटल्याने पानांचा क्रम मोडत नाही, फक्त सुरुवात बदलते.

बारा आकडे गोल मांडले आहेत असं समजा. तुम्ही एकपासून मोजा किंवा सातपासून, पाचनंतर सहाच येतो. काटणं म्हणजे हा गोल फिरवणं. म्हणून एखादं पान तुम्हाला माहीत असेल आणि ओढलेलं पान त्याच्या लगेच खाली असेल, तर समोरच्याने कितीही वेळा काटलं तरी जोडी सुटत नाही. माहीत असलेल्या पानाला मी खुणेचं पान म्हणतो.

यावर विश्वास बसायला हवा, नाहीतर समोरचा काटायला लागला की छातीत धडधडतं आणि चेहऱ्यावर दिसतं. म्हणून हे करून बघा. एक्क्यापासून दश्शीपर्यंत इस्पिकची दहा पानं क्रमाने लावा आणि वीस वेळा काटा. मग उघडून बघा. क्रम तसाच असेल, फक्त कुठूनतरी मधून सुरू झालेला.

पिसणं ही वेगळी गोष्ट. एकदा अर्धे अर्धे करून, कडा फडफडवत एकमेकांत मिसळले, तर जोडीच्या मध्ये परकी पानं शिरतात. पत्ते असे किती वेळा मिसळले म्हणजे क्रम खरोखर पुसला जातो, याचं गणित डेव्ह बायर आणि पर्सी डायकोनिस या गणितज्ञांनी १९९२ मध्ये मांडलं. उत्तर आलं सुमारे सात वेळा. डायकोनिस गणितज्ञ होण्याआधी जादूगार होते, हे मला फार आवडतं. आपल्यासाठी यातून एवढंच घ्यायचं: पान परत ठेवल्यावर काटू द्या, पिसू देऊ नका.

३. खुणेचं पान बघणं

इथे थोडं थांबतो, कारण माझी फजिती इथेच झाली आणि मी ज्यांना शिकवलं त्यांतले बहुतेक इथेच अडले.

समोरच्याने पत्ते पिसून तुमच्या हातात दिले. आता सगळ्यात खालचं, म्हणजे बुडाचं पान तुम्हाला बघायचं आहे. कॅट आखूड कडेवर टेबलावर उभा धरा, पाठी समोरच्याकडे, आणि दोनदा हलकेच आपटून कडा सारख्या करा. त्या क्षणी बुडाचं पान तुमच्याकडे तोंड करून असतं. कोपऱ्यातला आकडा आणि चिन्ह दिसलं की झालं. मग कॅट पालथा करून टेबलावर ठेवा.

हे लिहायला सोपं आहे. चूक होते ती डोळ्यांची. समोरचा माणूस तुमच्या हातांपेक्षा तुमच्या डोळ्यांकडे जास्त बघत असतो. तुम्ही मान झुकवून, श्वास रोखून पान "वाचायला" लागलात, की त्याला कारण कळलं नाही तरी काहीतरी घडलं एवढं कळतंच.

मी ते असं सोडवलं. पत्ते हातात आले की लगेच बघायचं नाही. आधी समोरच्याच्या चेहऱ्याकडे बघून एक प्रश्न विचारायचा, ज्याला दोन-चार शब्दांचं तरी उत्तर आहे: "छान पिसता तुम्ही, पत्ते बरेच खेळता का?" तो तुमच्याकडे बघून बोलायला लागतो. बोलू लागला की तुमची नजर सहज खाली येते, कडा सारख्या होतात, नजर पुन्हा वर जाते. पत्ते सारखे करताना माणूस पत्त्यांकडे बघतोच, त्यात संशयाला जागा नाही. तिथे रेंगाळलात तर आहे. एका नजरेत दिसलं नाही, तर सोडून द्या. थोड्या वेळाने पुन्हा कडा सारख्या करायला कुणी अडवलेलं नाही.

प्रश्न विचारताना पत्त्यांकडे बघू नका. तुम्ही जिकडे बघाल तिकडे समोरचा बघतो.

कधी कधी पान आयतंच दिसतं. पत्ते परत देताना खूप लोक ते तिरपे धरतात आणि बुडाचं पान तुमच्यासमोर उघडं असतं. अशा वेळी कडा आपटायचीही गरज नाही.

पान बघितल्यावर मनात पूर्ण नाव घ्या, "किलवर सत्ती". नुसतं "सत्ती" म्हणू नका, कॅटमध्ये चार सत्त्या आहेत. नुसतं "लाल सत्ती"ही नको, कारण बदाम आणि चौकट यांत घाईत गोंधळ होतो. आणि ते नाव तीनदा मनात म्हणा. पुढे तुम्हाला बोलायचं आहे, हसायचं आहे, सूचना द्यायच्या आहेत. या धांदलीत खुणेचं पान विसरणं ही नवख्यांची सगळ्यात मोठी अडचण आहे, नजर पकडली जाण्यापेक्षाही मोठी.

४. पान ओढायला देणं

कॅट पालथाच ठेवून दोन्ही हातांत पसरा आणि कुठलंही पान घ्यायला सांगा. इथे खरोखर कुठलंही चालतं. फक्त अगदी बुडाचं तेवढं जाऊ नये, म्हणून शेवटची चार-पाच पानं नीट पसरू नका. तो दोनदा विचार बदलू इच्छित असेल तर बदलू द्या, उलट आग्रहाने विचारा. या मोकळेपणाची आठवण त्याला नंतर राहते.

पान बघून लक्षात ठेवायला सांगा. आणखी कुणी बसलेलं असेल तर त्यांनाही दाखवायला सांगा. हे फक्त रंगतीसाठी नाही. एकटा माणूस आपलं पान खरोखर विसरतो. मग तुम्ही बरोबर असूनही चूक ठरता, आणि त्यावर कसलाच उपाय नसतो.

त्या वेळी तुम्ही मान पूर्ण फिरवा.

५. पान परत घेणं आणि काटणं

कॅट टेबलावर पालथा ठेवा. "तुमचं पान वर ठेवा आणि एकदा काटा." तो वरचा काही भाग उचलून बाजूला ठेवेल आणि खालचा भाग त्यावर ठेवेल. खालच्या भागाच्या बुडाशी तुमचं खुणेचं पान होतं. ते आता बरोबर त्याच्या पानावर येऊन बसलं.

काही लोक काटताना भाग उचलतात आणि पुन्हा होता तिथेच ठेवतात. म्हणून पहिल्यांदा बोटाने जागा दाखवा: "थोडे उचलून इथे ठेवा, आणि उरलेले त्यावर."

हात बसला की मी दुसरी पद्धत सुचवेन, ती जास्त सहज दिसते. पान त्याच्या हातात असतानाच त्याला कॅटचे दोन ढीग करायला सांगा. वरून उचललेला ढीग नीट लक्षात ठेवा. त्याचं पान त्या ढिगावर ठेवायला सांगा आणि दुसरा ढीग, ज्याच्या बुडाशी तुमचं खुणेचं पान आहे, तो वर ठेवायला सांगा. परिणाम तोच, पण बघणाऱ्याला वाटतं की पान थेट मधोमध हरवलं.

त्यानंतर आणखी एकदोनदा काटू द्या. हा क्षण तुमच्या फार कामाचा आहे. तुम्ही हात मांडीवर ठेवून मागे टेकून बसा. आता तुम्ही पत्त्यांना स्पर्शही करत नाही हे त्याला दिसू द्या.

याच वेळी काही जण आपणहून पिसायला लागतात. शब्दात गडबड ठेवू नका. "मिसळा", "हलवा" असं म्हटलं तर पिसणारच. "काटा" हाच शब्द वापरा आणि शेवटच्या काटण्यानंतर कॅट शांतपणे आपल्याकडे ओढून घ्या.

६. थोडा वेळ जाऊ द्या

लगेच पानं मांडू नका. आतापर्यंत काय झालं ते समोरच्याला सांगा: "पत्ते तुम्ही पिसलेत. पान तुम्ही निवडलंत. काटलंत तुम्ही. मी तुमचं पान बघितलेलं नाही." यातलं प्रत्येक वाक्य खरं आहे. कडा सारख्या करण्याची ती छोटी हालचाल या यादीत नाही, आणि तुम्ही यादी सांगितल्यावर त्याच्या आठवणीतही ती राहत नाही. नंतर तो दुसऱ्या कुणाला ही जादू सांगेल तेव्हा म्हणेल, "त्याने पत्त्यांना हातसुद्धा लावला नाही." माझ्या पहिल्या प्रयोगात नेमकं हेच नव्हतं. मी नजर टाकली आणि पुढच्या अर्ध्या मिनिटात पान काढून हातात दिलं. कारण आणि परिणाम इतके जवळ होते की कुणीही ते जोडले असते.

७. पानं मांडणं

वरून एकेक पान उताणं करून टेबलावर टाकत जा. एकावर एक रचू नका. प्रत्येक पानाचा कोपरा दिसेल असं विस्कटून, अर्धवट झाकत टाका. याचं कारण पुढच्या पायरीत कळेल.

वेग एकसारखा ठेवा. खुणेचं पान आलं की हात थबकतो, हे अगदी नैसर्गिक आहे आणि सरावानेच जातं. किलवर सत्ती पडली, पुढचं पान पडलं, ते त्याचं. ते मनात नोंदवा, आणि त्याच वेगाने आणखी पाच-सहा पानं टाका.

एक बारीक शक्यता आहे. अनेकदा काटल्यावर क्वचित असं होतं की त्याचं पान अगदी वर येतं आणि खुणेचं पान पुन्हा बुडाशी जातं. म्हणून टाकलेलं सगळ्यात पहिलं पान कोणतं होतं तेही लक्षात ठेवा. खुणेचं पान शेवटपर्यंत आलंच नाही आणि अगदी शेवटी निघालं, तर पहिलं पान त्याचं. मला आजवर हे मोजक्याच वेळा लागलं, पण लागलं तेव्हा या सवयीनेच तारलं.

मांडत असताना समोरच्याच्या चेहऱ्याकडे बघा. पान निघून गेलं की बहुतेकांचे ओठ किंचित हलतात, काही जण शेजाऱ्याकडे बघतात. त्यांना वाटतं तुम्ही चुकलात. त्यांना तसं वाटू द्या.

८. पान उघड करणं

आता हातातलं पुढचं पान पालथंच, अर्धवट पुढे काढून धरा आणि म्हणा: "यापुढे मी जे पान उलटं करेन, ते तुमचं असेल."

शब्द नेमके हेच ठेवा. "पुढचं पान तुमचं" असं म्हणालात तर तुम्ही खोटे ठराल. "जे पान उलटं करेन" हे शब्दशः खरं होणार आहे.

दोन क्षण थांबा. मग हातातलं पान कॅटमध्ये परत सरकवा, टेबलावरच्या पसाऱ्यात हात घाला आणि त्याचं पान पालथं करा. म्हणून कोपरा दिसायला हवा होता आणि म्हणून पानं रचायची नव्हती. पान दुसऱ्या पानांखाली पूर्ण दबलेलं असेल तर उपसताना सगळी मजा जाते.

हा शेवट फार जुना आहे आणि लोक त्यावर पैज लावत आले आहेत. तुम्ही लावू नका. पैसे आले की समोरच्याला फसवल्यासारखं वाटतं, आणि ज्याने विश्वासाने पान ओढलं त्याच्या तोंडाची चव आपण बिघडवतो. "बघा, हरलात" असंही म्हणू नका. पान उलटं केल्यावर गप्प राहा. तो क्षण त्याचा आहे.

९. "पुन्हा करून दाखव"

ही मागणी शंभर टक्के येणार. नम्रपणे नाही म्हणा. दुसऱ्या वेळी त्याला शेवट माहीत असतो, त्यामुळे तो सुरुवातीकडे बघतो, आणि सुरुवातीला तुमची नजर आहे.

पुन्हा पुन्हा दाखवूनही टिकणाऱ्या जादू असतात, पण त्यांची घडण निराळी असते. प्रसिद्ध जादूगार हॅरी हुडिनी म्हणत असे की कुठलीही जादू तीनदा दाखवा, मी ती कशी झाली ते सांगेन. १९२२ मध्ये शिकागोत पत्त्यांचा जादूगार डाय व्हर्ननने त्याच्यासमोर मध्ये घातलेलं पान पुन्हा पुन्हा वर आणून दाखवलं आणि हुडिनीला ते उलगडलं नाही. त्यामागे व्हर्ननची कित्येक वर्षांची तयारी होती. खुणेचं पान तेवढा भार पेलत नाही. त्यापेक्षा दुसरी जादू तयार ठेवा.

१०. दुसरी जादू: २१ पानं

ही हाताशी असावी. खुणेचं पान विसरलात किंवा समोरच्याने पिसून टाकलं, तर "थांबा, हे वेगळ्या पद्धतीने करू" म्हणून इकडे वळता येतं. यात बघायचं, लपवायचं काहीच नाही.

२१ पानं उताणी, आडव्या ओळीत तीन अशी मांडत जा, म्हणजे सात-सात पानांच्या तीन उभ्या रांगा होतील. समोरच्याने मनात एक पान धरायचं आणि फक्त रांग सांगायची. रांगा गोळा करताना सांगितलेली रांग नेहमी मधोमध ठेवा. हे एकूण तीनदा करा. शेवटी पालथ्या गठ्ठ्यातलं वरून अकरावं पान त्याचं.

कारण सरळ आहे. पहिल्या वेळी त्याचं पान मधल्या सातांत, म्हणजे आठव्या ते चौदाव्या जागेत येतं. पुन्हा मांडल्यावर ते रांगेत तिसरं, चौथं किंवा पाचवं असतं, त्यामुळे गोळा केल्यावर दहावं ते बारावं होतं. तिसऱ्यांदा मांडल्यावर ती तिन्ही जागा एकाच आडव्या ओळीत, चौथ्या, पडतात. म्हणून तिसऱ्यांदा रांग सांगितली की तुम्हाला पान कळलेलंच असतं. गोळा करायच्या आधीच त्या रांगेतलं मधलं पान बघून ठेवा, मग अकरापर्यंत मोजायचीही गरज नाही.

ही जादू लांबते आणि गणिताचा वास येतो, म्हणून मी तिला दुसऱ्या क्रमांकावर ठेवतो. मुलांना मात्र ती फार आवडते, आणि ती लगेच स्वतः करायला लागतात.

११. सराव कसा करायचा

एकट्याने करताना समोरच्याचं कामही तुम्हीच करा, पण सगळं मोठ्याने बोलत. मुक्याने केलेला सराव उपयोगाचा नाही, कारण खरी अडचण एकाच वेळी बोलणं आणि पान लक्षात ठेवणं हीच आहे. दिवसाला दहा वेळा, असं आठवडाभर करा. त्यातले दोन दिवस फक्त पायरी ३ कॅमेऱ्यासमोर करा आणि आवाज बंद करून बघा. मान कधी झुकते, ते आवाज नसला की लगेच दिसतं.

मग त्या खरं सांगणाऱ्या माणसाला दाखवा. "कशी वाटली?" असं विचारू नका, त्यावर सगळे "छान" म्हणतात. "मी काय काय केलं ते पहिल्यापासून सांग" असं म्हणा आणि ऐका. त्याच्या सांगण्यात कडा सारख्या करण्याचा उल्लेख आला, तर पायरी ३ आणि ६ वर परत जा. आला नाही, तर पुढच्या माणसाला दाखवायला हरकत नाही.